नंबरटेकरचा युरोप

रुळावर उभी असलेली कुठलीही गोष्ट लिहून घेतल्याशिवाय नंबरटेकरला तिच्यापुढून जाता येत नसे. लोणावळ्याच्या यार्डात मालगाडी येऊन थांबली, की इंजिनाकडून शेवटच्या गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि एकेका वॅगनीचा नंबर वहीत टिपायचा, ही त्याची नोकरी. रेल्वेत हे काम करणाऱ्यालाच नंबरटेकर म्हणतात. पण ड्यूटी संपली तरी त्याचा हात थांबत नसे. आमच्याबरोबर प्लॅटफॉर्मवर उभा असला आणि पुण्याकडची गाडी आली, की बोलणं अर्धवट टाकून तो निदान दोन डबे तरी टिपून यायचा. आमच्यातल्या बापूने एकदा विचारलं, "अरे, आता तुला कोण पगार देतंय?" त्यावर तो म्हणाला, "गाडी आली व्हती, ह्याला कुनी साक्षीदार नगं का?"

त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला गावभर नंबरटेकर म्हणत आणि त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. आता त्याचं नाव घेऊन त्याच्याशी जवळीक दाखवण्याचा हक्क मला उरलेला नाही, एवढंच सांगतो. का उरला नाही, ते पुढे येईलच.

बाजारपेठेत माझ्या वडिलांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. नंबरटेकर तिथे कार्बन पेपर घ्यायला यायचा. रेल्वेचा कार्बन रेल्वेच्या कामाला, घरचा कार्बन घरच्या कामाला, असा त्याचा दंडक होता. तो कशाचीही प्रत ठेवायचा. बायको माहेरी गेली, तर तिला लिहिलेल्या पत्राचीसुद्धा. वहिनी म्हणायच्या, "भांडान झालं म्हून म्या पत्र फाडावं, तर ह्यांच्याकडं दुसरं हायेच." आणि प्रतींमध्येही त्याचा एक नेम होता. सगळ्यात वरची, ठसठशीत प्रत दुसऱ्याला द्यायची आणि सगळ्यात खालची, पुसट, ती आपल्याला ठेवायची.

एकदा बिलावर माझा आकडा चुकला आणि मी तो पेनने गिरवून गिरवून काळा केला. त्याने बिल माझ्यासमोर परत सरकवलं. म्हणाला, "आसं न्हाई. चुकलेलं झाकायचं नसतं. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे. शेजारी सही, तारीख. न्हायतर ती चोरी." रेल्वेच्या रजिस्टरात तसा नियमच होता म्हणे. त्या दिवसापासून आमच्या दुकानातली खाडाखोड नियमाने होऊ लागली. वडिलांना त्याचं फार कौतुक होतं. त्याच्यासाठी ते आवर्जून चहा मागवत. तो चहा एका काचेच्या पेल्यात येई आणि तो पेला फळीवर, शाईच्या बाटल्यांच्या मागे, वेगळा ठेवलेला असे. तो गिऱ्हाइकांसाठीचा पेला आहे, असं मी स्वतःला सांगत असे. इतर गिऱ्हाइकांना आम्ही कपबशीतून चहा देत होतो.

त्याचे वडील मळवलीला एका पारशी शेटच्या बंगल्याचे राखणदार होते. शेट वर्षातून पंधरा दिवस येई, बाकी वर्षभर तो बंगला, त्यातली कुलपं आणि जुनी पुस्तकं यांचे मालक हेच. कार्ल्याच्या बाजूला भाताची थोडी खाचरंही होती. छप्पन साली या घराने बौद्ध धम्म घेतला. त्यांच्या घरातून जात गेली, आमच्या घरांतून ती गेलेली नव्हती. नंबरटेकरने त्या बंगल्याच्या कपाटात युरोपातल्या रेल्वेगाड्यांचं एक जाडजूड जुनं टाइमटेबल पाहिलं. शेट म्हणाला, रद्दीत घाल. त्याने ते घरी नेलं आणि आठ वर्षांत तोंडपाठ केलं. खंडाळ्याच्या पलीकडे फक्त कल्याणपर्यंत गेलेला हा माणूस, जिनोआहून मिलानला दिवसात किती गाड्या जातात ते सांगायचा. टाइमटेबल जुनं असल्याची त्याला जाणीव होती. "टायम बदलतो," म्हणायचा, "रूळ बदलत न्हाईत."

त्याचं बोलणं अस्सल मावळातलं आणि लिहिणं कचेरीतलं. तोंडाने "न्हाई" म्हणणारा माणूस कागदावर "सदर गाडी उपलब्ध नसल्यास" असं लिहायचा. साहेब समोर आला, तर मात्र बोलणंही कागदासारखं होई. मित्रांशी तो तसं कधी बोलला नाही, म्हणून आम्हाला त्याची ती दुसरी भाषा ऐकून हसू यायचं.

मित्र म्हणजे आम्ही तिघं. मी दुकानदाराचा मुलगा. बापूच्या घरचं स्टेशनजवळ लॉजिंग होतं. आणि दिगूचा फोटोंचा स्टुडिओ. साठीचं दशक मध्यावर आलं होतं, आम्ही तिशीच्या आतबाहेर होतो. युरोपला जायचं हे खूळ कुणी काढलं, असं पुढे लोक विचारत. खूळ दिगूचं होतं. ते शक्य आहे, हे मात्र नंबरटेकरने दाखवलं.

बापूच्या लॉजच्या पडवीत बसलो होतो. पावसाळा चालू होता, सगळ्या खोल्या ओस. बापू कुरकुरत होता, की मे महिन्यात दहा रुपये देणारा माणूस आता चार रुपयांतही येत नाही. नंबरटेकर म्हणाला, "आपलं लोनावळं पावसाळ्यात जसं, तसं त्यांचं युरोप थंडीत. तवा तितं कुनी फिरत न्हाई. बोट निम्म्यात, खोली निम्म्यात. थंडी सोसंल त्यालाच जग स्वस्त." आम्ही हसलो. त्याने त्याच संध्याकाळी हिशेब नव्हे, तर गाड्यांची एक यादी करून आणली आणि आमचं हसणं बंद झालं.

तेव्हा परदेशी जाणं म्हणजे सरकारी दरवाजावर डोकं आपटणं. सरकार परदेशी चलन देई ते चिमूटभर, आणि तिकडचा कुणीतरी आपला भार उचलायला तयार आहे, असं पत्र लागे. तेही पत्र नंबरटेकरनेच मिळवलं. सुटीच्या दिवशी तो कार्ल्याच्या लेण्यांवर जायचा आणि कुणी गोरा पाहुणा दिसला, की दगडात कोरलेलं सगळं त्याला समजावून सांगायचा. पैसे घेत नसे, पत्ता मागायचा. एकदा स्वित्झर्लंडचं एक म्हातारं जोडपं आलं. त्यांची लेक मुंबईत नर्स होती. म्हातारा निवृत्त स्टेशनमास्तर निघाला. मग लेणी राहिली बाजूला. आपल्या घाटात गाडीला मागून ढकलणारी इंजिनं कशी लावतात, हे ऐकताना दोघं मळवली स्टेशनच्या बाकावर अख्खी दुपार बसले. पुढे तीन वर्षं त्यांचा पत्रव्यवहार चालला. त्या म्हाताऱ्याने लिहून पाठवलं, की तू आणि तुझे तीन मित्र माझ्या घरी या, महिनाभर राहा, मी जबाबदार आहे. आमचे तिघांचे पासपोर्ट त्या एका पत्रावर उभे होते.

आखणी दीड वर्ष चालली, आणि तिचा हुकूमशहा तोच होता. बापूला पॅरिसला आठ दिवस हवे होते. "का? तितं सासुरवाडी हाय का तुजी?" पॅरिस तीन दिवसांवर आलं. दिगूला कॅमेऱ्याचं तिकाटणं न्यायचं होतं. "त्याला येगळं तिकीट काढ, न्हायतर घरी ठिव." मला म्हणायचा, "तू पैसं सांभाळ. तुला खर्च कराय जीव येत न्हाई." रात्रीचा प्रवास गाडीत, म्हणजे खोलीचं भाडं वाचलं. दिवसा यूथ होस्टेल, तिथे चूल मिळते. हॉटेलात पाऊल टाकायचं नाही. एक भांडं, चार कप, आणि मावळचा आंबेमोहर. तांदूळ त्याच्या घरचा. "जिनोवात भाताला वास सुटला पायजे," म्हणायचा, "मंग समजंल त्यास्नी, कोन आलंय."

त्या जानेवारीत त्याने आमच्याकडून रंगीत तालीम करून घेतली. मळवलीला उतरून चार दिवस लोहगडावर, जे युरोपला न्यायचं तेवढंच सामान घेऊन. गडाच्या दरवाजाशी हा कस्टमवाला होऊन बसला. बापूच्या बोचक्यातून आईने दिलेला चिवड्याचा डबा आणि दोन उशा निघाल्या, त्या खाली गावात ठेवायला लावल्या. वर लेण्यात मुक्काम. थंडी अशी, की दात वाजायचे. त्याने स्वेटरच्या आत वर्तमानपत्रं घालायला शिकवलं. सकाळी सहाला उठवून "गाडी सुटली" म्हणून ओरडायचा आणि जो मागे राहील त्याला चहा नाही. स्वयंपाक तोच करायचा. एकाच भांड्यात डाळ, तांदूळ, कांदा, वरून लसणीची चटणी. त्या हाताला चव होती. बापू तीनतीनदा वाढून घ्यायचा आणि भांडं बोटांनी पुसून खायचा. चारही कप सारखे होते, त्यामुळे कुणाचा कुठला ते दुसऱ्या दिवसापासूनच कळेनासं झालं. मी आयुष्यात बऱ्यापैकी फिरलो, पण एवढं निर्मळ सुख मला पुन्हा मिळालं नाही. त्याला विटाळ लावायला आम्हाला वर्षही लागलं नाही.

पावसाळा संपता संपता सगळं जुळलं. त्याची रजा मंजूर झाली, रेल्वेची परवानगी आली, पासपोर्ट आला. तो त्याने खाकी कागदाचं कव्हर घालून ठेवला होता. बोटीचं तिकीट तेवढं दिवाळीनंतर काढायचं होतं. मग त्याने आखणीचा शेवटचा कागद तयार केला. साठ दिवस, साठ ओळी. कुठल्या दिवशी कुठलं गाव, कुठली गाडी, मुक्काम कुठे, आणि शेवटच्या रकान्यात कामं. सामान बापूकडे, पैसे आणि पत्रं माझ्याकडे, धुणं दिगूकडे. स्वयंपाकापुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं, साठही दिवस. कार्बन घालून चार प्रती काढल्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या तिघांच्या घरी स्वतः नेऊन दिल्या. मी म्हटलं, "घरी कशाला? आम्हाला दे की." तर म्हणाला, "घरच्या मानसांस्नी ठावं पायजे, पोरगं कुटं हाय नि काय खातंय." त्याने केलेली एकच चूक मी पाहिली ती ही. तीही खरं ते लिहून देण्याची.

बापूच्या घरी तो कागदाबरोबर तांदळाचं पोतंही घेऊन गेला, कारण सामानाची बांधाबांध तिथेच व्हायची होती. कागद त्याच्यासमोरच माईंच्या हाती पडला आणि त्यांनी तो शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला. माई म्हणजे बापूच्या आई. देवभोळी, हाताने उदार, गरिबाला रिकाम्या हाताने न पाठवणारी बाई. नंबरटेकरला त्या दर दिवाळीला फराळ देत, पडवीच्या पायरीवर बसवून.

पुढचे तीन आठवडे तो दुकानात आला नाही, कार्बन न्यायलाही नाही. रजेआधीच्या ड्यूट्या भरत असेल, असं मी धरून चाललो. दिवाळीच्या पाडव्याला बापू आणि दिगू दुकानात आले. बापू म्हणाला, "आई म्हणते, दोन महिने त्याच्या हातचं खाणार असलास, तर जाऊ नकोस. गेलास तर परत या घरात येऊ नकोस." मी म्हटलं, "लोहगडावर खाल्लंसच की." तो म्हणाला, "ते आईला माहीत नाही. हा कागद तिने वाचला." दिगूने सुचवलं, की स्वयंपाकाला दुसऱ्याचं नाव घालू. बापू म्हणाला, "भांडं एकच आहे ना." बोटीचं तिकीट बापूच्या मुंबईच्या मामांच्या ओळखीने सवलतीत मिळणार होतं. बापू नाही तर सवलत नाही, सवलत नाही तर युरोप नाही. हे कुणी उच्चारलं नाही, पण तिघांनाही कळलं. दिगू एवढंच म्हणाला, "त्याला सांगू, सगळंच रद्द झालं." आणि सांगायचं मी, कारण मी त्याच्या सगळ्यात जवळचा होतो.

मी विचारलं, "आणि त्याचा तांदूळ?" बापू म्हणाला, "आईला विचारलं मी. ती म्हणते, कोरड्याला कसला विटाळ?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी मळवलीला गेलो. भात कापून झाला होता आणि खळ्यावर झोडणी चालली होती. नंबरटेकर पेंढी दगडावर आपटत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की चलनाची परवानगी नाकारली, बेत रद्द झाला. त्याने आणखी दोन पेंढ्या झोडल्या. मग कपाळाचा घाम पुसत विचारलं, "समद्यांचंच?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांचंच."

तो घरात गेला आणि आखणीची जाड वही घेऊन आला. सगळ्या गाड्या, पत्ते, होस्टेलांच्या चुली, दीड वर्षाचं काम. ती माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तुज्यापाशी ठिव. आमच्या घरात लय वल आसती. पुढंमागं कुनी गेलंच, तर मिलानला गाडी बदलाय अकरा मिनिटं हायेत. धावाय लागंल म्हनावं." कार्तिकातलं कोरडं ऊन पडलं होतं, खळ्यावर धूळ उडत होती, आणि हा ओलीचं बोलत होता. मला त्यात काही खटकलं नाही. वही आयती मिळाली, याचंच हायसं वाटत होतं. असा मी.

डिसेंबरात आम्ही तिघं निघालो. त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी आहे, म्हणजे सकाळी तो घरी झोपलेला असेल, असा हिशेब करून सकाळची गाडी धरली. चोरांसारखे वेगवेगळ्या वाटांनी स्टेशनवर आलो. बापूच्या बोचक्यात तो तांदूळ होता.

आखणी तंतोतंत उतरली. बोट, जिनोआ, पहिली गाडी. मिलानला अकरा मिनिटं होती, आम्ही धावलो, आणि गाडी मिळाली. प्रत्येक गावात त्याने सांगितलेला रस्ता त्याने सांगितलेल्या वळणावर होता. ट्रामचे दोन नंबर बदलले होते, तेवढंच. सुख मात्र कुठेच नव्हतं. स्वयंपाक आळीपाळीने करायचो आणि तो रोज करपायचा. तो पोटात ढकलताना कुणी कुणाकडे बघत नसे.

बर्फ पडत असताना आम्ही त्या म्हाताऱ्या स्टेशनमास्तरच्या गावी उतरलो. तो प्लॅटफॉर्मवर जुनी टोपी घालून उभा होता. त्याने आम्हाला मोजलं. एक, दोन, तीन. मग तो डब्याच्या दाराकडे बघत राहिला. गाडी सुटली, दार पुढे गेलं, तरी तो बघतच होता. घरी चार अंथरुणं घातली होती. बापू म्हणाला, तो आजारी आहे, टायफॉइड झाला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्रीच्या जेवणाला आम्ही तांदूळ शिजवला, तेव्हा घरभर वास दरवळला. म्हातारीने विचारलं, हा कुठला तांदूळ? दिगू म्हणाला, "आमच्या मित्राच्या शेतातला." त्या घरात आम्ही बोललेलं खरं वाक्य तेवढं एकच. निघताना म्हातारीने त्याच्यासाठी विणलेला निळा मफलर दिला आणि म्हाताऱ्याने विचारलं, "तो बरा झाला की येईल ना?" आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

परत आल्यावर मफलर देण्याचं धैर्य गोळा करायला मला पंधरा दिवस लागले. यार्डात गेलो. तो वही घेऊन मालगाडीच्या कडेने येत होता. मला पाहून थांबला.

"आलात आपण," तो म्हणाला. "प्रवास सुखाचा झाला असेल."

साहेबांसाठी राखून ठेवलेली ती भाषा. तिला आम्ही हसत असू. मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "आपण निघालात त्या सकाळी मी ड्यूटी बदलून घेतली होती. आपला डबा इंजिनापासून सहावा. नंबर माझ्याकडे आहे." आणि मग, अगदी शांतपणे, "तांदूळ पुरला का?"

"पुरला," मी म्हटलं.

मी मफलर पुढे केला. तो म्हणाला, "स्टेशनमास्तरांचं पत्र आलं होतं. टायफॉइडची चौकशी केली आहे त्यांनी. मी कळवलं, आता बरा आहे म्हणून. आपण तिघं खोटे पडू नयेत." मग म्हणाला, "त्या पत्राची प्रत मी ठेवलेली नाही."

मफलरची घडी करून त्याने खांद्याच्या पिशवीत ठेवली. वहीचं एक पान फाडलं, त्यावर लिहिलं, "निळा लोकरी मफलर एक, मिळाला," सही केली, तारीख घातली आणि ती पोच मला दिली. मी म्हटलं, "अरे, ऐकून तर घे." तो म्हणाला, "गाडी आली आहे." खरंच आली होती. तो इंजिनाकडे निघून गेला.

पुढे बापूने गावात व्याख्यान दिलं. थोडक्या पैशांत साठ दिवस युरोप. दिगूची चित्रं पडद्यावर दाखवली. सभागृह भरलं होतं. आखणी कुणी केली, असं एका मास्तरांनी विचारलं, तेव्हा बापू म्हणाला, "आम्ही तिघांनी मिळून." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि मीही टाळ्या वाजवल्या. माई शेजारीच होत्या, कौतुकाने ओल्या झालेल्या डोळ्यांनी. त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळं व्हावं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. पण त्यांनी जे केलं ते जन्मभर जे मानलं त्याप्रमाणे केलं. आम्ही मानत नव्हतो, तरी केलं.

नंबरटेकरने दौंडला बदली मागून घेतली. सुटीला मळवलीला येई, पण बाजारपेठेत कधी दिसला नाही. कार्बन दौंडलाही मिळत असणार. फळीवरचा तो पेला मी एक दिवस फोडून टाकला. त्याने काय साधलं म्हणा. सत्तरीचं दशक संपता संपता तो गेला. पोटाचं काहीतरी दुखणं झालं, महिनाभरात आटोपलं. मला दहा दिवसांनी कळलं.

मी मळवलीला गेलो. वहिनींनी पाणी दिलं, चहा टाकला. त्यांच्या घरातला चहा मी पहिल्यांदाच पीत होतो. त्या आत गेल्या आणि खाकी कागदाच्या कव्हरातला पासपोर्ट घेऊन आल्या. आतली सगळी पानं कोरी. त्यात घडी करून ठेवलेला एक कागद होता.

"तुमची नावं हायेत ह्याच्यावर, म्हून ठिवला," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी कुनाला दावला न्हाई कदी. तुमाला लागत आसंल तर घिऊन जावा."

आखणीचीच प्रत होती. सगळ्यात खालची, पुसट, त्याची. साठही ओळींपुढे पेन्सिलीने बारीक खूण होती, वॅगन तपासल्यावर करतात तशी. आम्ही ज्या दिवशी जिथे होतो, त्या दिवशी त्याने इथे बसून ती खूण केली होती. मिलानच्या ओळीपुढे लिहिलं होतं, "मिळाली असावी."

शेवटच्या रकान्यात, स्वयंपाकापुढे, त्याचं नाव खोडलेलं होतं. झाकलेलं नव्हतं. एक सरळ रेघ, खालचं नाव नीट वाचता येत होतं. शेजारी सही आणि तारीख, नियमाप्रमाणे. आम्हाला गाडीत बसताना पाहिल्यावर त्याने ते खोडलं असेल, असं समजून मी तारीख वाचली. ती डिसेंबरातली नव्हती. ती दसऱ्याच्या आदल्या दिवसाची होती. माईंनी त्याच्यासमोर तो कागद वाचला, त्या दिवसाची.

म्हणजे मी खळ्यावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. आपलं नाव आपल्या हाताने खोडून त्याला तीन आठवडे झाले होते. तरीही त्याने घाम पुसत मला विचारलं होतं, "समद्यांचंच?"

त्याला फक्त एक माणूस खरं बोलायला हवा होता.